मोठं इंजिन घालण्याआधी: जुन्या स्पोर्ट्स कारचा क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल कसा मजबूत करावा

जुन्या स्पोर्ट्स कारला जास्त ताकदीचं इंजिन घालायचं ठरलं की बहुतेक जण आधी इंजिनाच्या शोधात निघतात. इंजिन येतं, बसतं, सुरू होतं, आणि मग क्लच घसरायला लागतो, डिफ (मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियल) आवाज करायला लागतो, एखादा ॲक्सल शाफ्ट पिळवटतो. माझं सांगणं उलट्या दिशेचं आहे. कामाला टायरपासून सुरुवात करा आणि मागून पुढे या. इंजिन सगळ्यात शेवटी. आणि सगळंच मजबूत करण्याच्या मागे लागू नका, कारण ते कधीच पुरं होत नाही. जोर जास्त झाला तर आधी काय घसरावं हे आपण ठरवायचं, आणि बाकीचं त्या हिशेबाने बांधायचं.

उदाहरणासाठी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतो. १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनली. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं बी-सीरिज इंजिन, सुरुवातीला सुमारे ९५ हॉर्सपॉवर आणि १४९ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. आपल्या अँबॅसडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच बी-सीरिज घराण्यातलं, त्यामुळे म्हापसा-मडगावच्या जुन्या मेस्तांना हे इंजिन परकं वाटत नाही. दुसरं कारण असं की मोठ्या इंजिनाचा प्रयोग इथे कारखान्यानेच करून दाखवला आहे. १९७३ ते १९७६ दरम्यान एमजीबी जीटी व्ही८ आली, तिच्यात रोव्हरचं ३५२८ सीसीचं ॲल्युमिनियमचं व्ही८ होतं, १३७ हॉर्सपॉवर आणि सुमारे २६२ न्यूटन-मीटर. कारखान्याने त्या वेळी काय बदललं आणि काय तसंच ठेवलं, हे पाहिलं तरी अर्धा धडा मिळतो. तुमची गाडी ट्रायम्फ असो, फियाट असो की आणखी कुठली, पुढचा आणि मागचा हिशेब हाच आहे. फक्त आकडे तुमच्या गाडीचे घाला.

कागद आधी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच काम थांबणार असेल तर पैसे खर्च होण्याआधी थांबलेलं बरं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने ठरवलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी लागते. तुमची गाडी पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, जिथे नोंदलेली असेल तिथे आधी लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखीच घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विमा कंपनीलाही कळवावं लागतं, नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडीच त्या नोंदणीला पात्र ठरते. इंजिन बदललंत की तो दरवाजा बंद होतो. म्हणून तुमच्याकडे पोर्तुगीज काळापासून घरात असलेली, मूळ इंजिन नंबरासकट शाबूत गाडी असेल तर तिला हात लावू नका, असं मी मनापासून सांगेन. ज्या गाडीचं मूळ इंजिन कधीच हरवलंय, तिच्यावर हे काम करा. तिच्यावरही बॉडी न कापता, बोल्ट काढून सगळं परत पूर्ववत करता येईल अशा पद्धतीने करा. काढलेला प्रत्येक भाग ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून ठेवा.

वहीतलं गणित

आता एक संध्याकाळ वही घेऊन बसा. मागच्या चाकांपर्यंत पोचणारा टॉर्क म्हणजे इंजिनाचा टॉर्क, गुणिले गिअरचं प्रमाण, गुणिले डिफचं प्रमाण. एमजीबीच्या सगळे गिअर सिंक्रोमेश असलेल्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचं प्रमाण ३.४४ आहे आणि डिफचं ३.९०९. म्हणजे मूळ इंजिनाचे १४९ × ३.४४ × ३.९०९ = सुमारे २,००० न्यूटन-मीटर. त्याच जागी व्ही८ चे २६२ घातले तर ३,५२० होतात. डिफ ३.०७ चा केला तर तेच २,७७० वर उतरतात. कारखान्याने व्ही८ साठी नेमकं हेच केलं, डिफ ३.०७ चा बसवला. ॲक्सल शाफ्ट आणि क्राऊन-पिनियन (डिफमधली मुख्य दातेरी जोडी) यांच्यावरचा ताण कमी करण्याचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. शिवाय ताशी १०० किलोमीटरला इंजिन ३,५०० ऐवजी २,७५० च्या आसपास फिरतं, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ वर गाडीत बोलणं ऐकू येतं.

पण दुसरा आकडा जास्त शिकवतो. टायर जमिनीला किती टॉर्क देऊ शकतो? गाडी माणसांसकट ११५० किलो धरू. जोरात निघताना त्यातलं साधारण ६५० किलो मागच्या ॲक्सलवर येतं. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड ०.९ आणि १८५/७० आर१४ टायरची चालती त्रिज्या साडेएकोणतीस सेंटीमीटर धरली, तर ६५० × ९.८१ × ०.९ × ०.२९५ = १,७०० च्या जरा आत. सरळ, सावकाश वाढवलेल्या जोरात याहून जास्त टॉर्क ॲक्सलमधून जाऊच शकत नाही, कारण त्याआधी चाक घसरतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिन कितीही मोठं घातलं तरी टायर मागच्या सगळ्या भागांना वाचवत असतो.

मग भाग तुटतात कुठे? दोन ठिकाणी. एक म्हणजे झटक्यात. क्लच एकदम सोडला, चाक उड्या मारत घसरलं, ओल्या रस्त्यावर फिरणारं चाक अचानक कोरड्या डांबरावर आलं, की क्षणभर हा हिशेब मोडतो आणि कितीतरी पट धक्का शाफ्टवर येतो. दुसरं ठिकाण वरच्या गिअरमध्ये. तिसऱ्या गिअरचं प्रमाण १.३८ आहे. २६२ × १.३८ × ३.०७ = १,११० न्यूटन-मीटर, म्हणजे टायरच्या मर्यादेच्या खूप खाली. इथे टायर घसरणार नाही, आणि इंजिनाचा पूर्ण टॉर्क गिअरबॉक्सच्या दात्यांवर मिनिटामागून मिनिट येत राहील. केरीहून चोर्ला घाट चढताना किंवा मोलेहून अनमोड चढताना गाडी नेमकी याच अवस्थेत असते. एमजीबी व्ही८ मध्ये सुरुवातीला ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारी गिअरबॉक्सची जोड) तिसऱ्या आणि चौथ्या दोन्ही गिअरला चालायचा. पुढे कारखान्याने तो फक्त चौथ्यालाच ठेवला. त्यामागे हाच ताण आहे.

यातून दोन निर्णय निघतात. रुंद आणि चिकट टायर हौसेने घालू नका. पकड जितकी वाढवाल तितका मागचा ॲक्सल जास्त मजबूत करावा लागेल. आणि गिअरबॉक्स निवडताना पहिल्या गिअरकडे नाही, तिसऱ्या-चौथ्याकडे बघा.

आहे त्याची तपासणी

हे काम जूनमध्ये सुरू करावं. पावसाळ्यात गाडी तशीही बाहेर पडत नाही आणि चवथीपर्यंत निवांत वेळ मिळतो. एकच काळजी घ्या. आपल्याकडच्या दमट, खारट हवेत घासून स्वच्छ केलेला लोखंडी भाग एका रात्रीत गंजतो. उघडलेला प्रत्येक भाग त्याच दिवशी तेल लावून प्लास्टिकमध्ये बांधा.

पुढच्या चाकांना उटी लावा, मागचा ॲक्सल स्टँडवर घ्या. जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली जाऊ नका. गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवा, एक चाक कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि दुसरं पुढेमागे हलवा. टायरवर खडूने खूण करून एकूण मोकळेपणा मोजा. मग तो वाटून काढा. युनिव्हर्सल जॉइंटच्या दोन्ही बाजू हाताने विरुद्ध दिशेला पिळा, जरासाही खटका लागला तर क्रॉस गेलाय. दोन्ही चाकं धरून पिनियनचा फ्लँज हलवा, त्यातून डिफमधला मोकळेपणा कळतो. एमजीबीच्या नळीच्या ॲक्सलमध्ये गाडी निघताना येणारा 'टक्' असा आवाज पुष्कळदा क्राऊन-पिनियनचा नसून आतल्या लहान गिअरमागच्या थ्रस्ट वॉशरचा असतो. ते वॉशर स्वस्त आहेत, पण आवाज ऐकून पूर्ण सेट बदलायला सांगणारे भेटतात.

डिफचं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये काढा. चंदेरी बारीक लगदा चालतो, कपच्या चालत नाहीत. तेल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. आपल्याकडे हे फार होतं. तापलेला ॲक्सल रस्त्यावरच्या तुंबलेल्या पाण्यात शिरला की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते, आणि श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, चिखलाने बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉडीच्या वरच्या भागात न्या. पाच मिनिटांचं काम आहे.

शाफ्ट बाहेर काढल्यावर स्प्लाइनकडे, म्हणजे टोकाच्या खाचांकडे, उजेडात बघा. खाचा शाफ्टला समांतर असायला हव्यात. टोकाला जराशा तिरक्या झालेल्या दिसल्या तर शाफ्ट पिळला गेलाय, तो भंगारातच जायला हवा. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांसाठी डाय पेनेट्रंट तपासणी करा. भाग पूर्ण स्वच्छ करून लाल द्रव लावायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबून पुसायचा, मग पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. गोव्यात हे जाणणाऱ्यांची वाण नाही. वास्को आणि मांडवीकाठच्या जहाजबांधणी यार्डांत वेल्डिंगची तपासणी याच पद्धतीने होते.

याच वेळी मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या टोकाला धरणारी बॉडीतली जागा आणि सिल, म्हणजे दाराखालचा बॉडीचा उंबरा, ठोकून तपासा. किनाऱ्यालगत राहिलेल्या गाडीत तिथला पत्रा आतून खाल्लेला असतो. मोठ्या इंजिनाचा सगळा ढकलणारा जोर मागच्या पाट्यांतून त्याच जागी बॉडीला मिळतो. तिथे गंज असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी नवा पत्रा वेल्ड करा.

आधी ॲक्सलच्या उड्या थांबवा

पाट्यांवर बसलेल्या ॲक्सलला जास्त टॉर्क दिला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात, मग सुटतात, पुन्हा वळतात. चाक थडथडत उड्या मारतं. याला ट्रॅम्प म्हणतात, आणि जुन्या गाड्यांचे शाफ्ट सगळ्यात जास्त यानेच तुटतात, कारण प्रत्येक उडीनंतर चाक जमिनीवर आपटताना धक्का बसतो. जाड शाफ्टवर खर्च करण्याआधी हे थांबवा.

क्रम असा ठेवा. पाट्यांचे बुश आणि ॲक्सलचे रबर पॅड नवे. यू-बोल्ट नवे, ठरलेल्या टॉर्कला आवळलेले. थकलेले, उलटे वाकलेले पाटे बदला. मागचे लिव्हर-आर्म शॉक ॲब्सॉर्बर दुरुस्त करून घ्या, ते हाताने हलवल्यावर दोन्ही दिशांना, मध्ये कुठेही ढिला न पडणारा विरोध हवा. एवढ्यावर भागलं नाही तरच ॲन्टी-ट्रॅम्प बार बसवा. त्या बारची लांबी आणि कोन पाट्याच्या पुढच्या भागाच्या हालचालीशी जुळला पाहिजे, नाहीतर खड्ड्यात बार आणि पाटा एकमेकांशी भांडतात आणि बारचा ब्रॅकेट फाटतो. खूप घट्ट पॉलियुरेथेन बुश मला रस्त्याच्या गाडीत आवडत नाहीत. रबर थोडा धक्का गिळतं, आणि जुन्या गाडीत ते हवंच असतं.

डिफ

एमजीबीत दोन प्रकारचे मागचे ॲक्सल आले. सुरुवातीच्या रोडस्टरमध्ये बॅन्जो पद्धतीचा, आणि जीटीमध्ये १९६५ पासून व रोडस्टरमध्ये १९६७ पासून सॅलिसबरी पद्धतीचा, नळ्यांचा. मोठ्या इंजिनासाठी नळ्यांचा ॲक्सलच धरा.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीही बसवू नका. सेट करताना चार गोष्टी क्रमाने येतात: पिनियन किती आत बसलाय, पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब), क्राऊन आणि पिनियनमधली फट, आणि शेवटी दात्यांवरची खूण. फट डायल गेजने क्राऊनच्या दात्याच्या कडेवर मोजायची, आणि क्राऊन फिरवत तीन-चार जागी मोजायची. या आकाराच्या डिफमध्ये ती साधारण ०.१३ ते ०.२० मिमीच्या पट्ट्यात असते. सेटवर वेगळा आकडा कोरलेला असेल तर तोच खरा.

मग दहा-बारा दात्यांना मार्किंग ब्लूचा पातळ थर द्या, क्राऊनला फडक्याने किंचित ब्रेक लावत पिनियन फिरवा आणि उमटलेली खूण वाचा. खूण दात्याच्या माथ्याकडे असेल तर पिनियन बाहेर राहिलाय, शिम (पातळ चकत्या) वाढवून तो क्राऊनच्या मध्याकडे सरकवा. मुळाकडे असेल तर उलट. खूण बाहेरच्या, रुंद टोकाकडे गेली असेल तर क्राऊन पिनियनजवळ आणा. मोठ्या इंजिनासाठी एक बारकावा लक्षात ठेवा. पूर्ण जोर आल्यावर हौसिंग किंचित ताणतं आणि खूण बाहेरच्या टोकाकडे सरकते. म्हणून हाताने फिरवताना ती मध्यापासून जराशी आतल्या, अरुंद टोकाकडे ठेवावी.

हे काम वाचून शिकता येतं, पण पहिल्यांदा जाणत्याच्या शेजारी बसून करा. सावर्डे-कुडचडे पट्ट्यात खनिजाचे टिपर वर्षानुवर्षं सांभाळलेले मेस्त आहेत. २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर त्यांच्यातले कितीतरी हात रिकामे झाले. क्राऊन-पिनियनची खूण वाचण्यात त्यांच्याइतकी सवय क्वचितच कुणाला असेल. फक्त टिपरच्या डिफची फट आणि या गाडीची फट वेगळी आहे, तेव्हा मॅन्युअलचा आकडा समोर ठेवूनच काम करा.

मूळ ॲक्सलमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये आवळल्यावर दबणारा स्पेसर असतो. वाढलेल्या टॉर्कखाली तो आणखी दबून प्रीलोड हरवू शकतो. त्याच्या जागी अखंड पोलादी स्पेसर आणि शिम वापरा. लावायला वेळ जातो, पण मग बदलत नाही. लिमिटेड स्लिप डिफ (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा) घ्यायचाच असेल तर प्लेट असलेल्यापेक्षा गिअरवर चालणारा, क्वाइफ किंवा टॉर्सन प्रकारचा घ्या. तो ओल्या वळणावर झटका देत नाही, आणि आपल्याकडे चार महिने रस्ते ओलेच असतात.

ॲक्सल शाफ्ट

शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. व्यास दहा टक्के वाढवला की ताकद तेहतीस टक्के वाढते. पण जागा ठरलेली असते, म्हणून बहुधा धातू बदलावा लागतो. ईएन२४ हे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद यासाठी चांगलं, आणि ते आपल्या बाजारात सहज मिळतं. शाफ्ट तयार करून घ्यायचे तर चोर्ला ओलांडून बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरला जावं. तिथे लेथ, स्प्लाइन कापणं आणि उष्णता प्रक्रिया एकाच परिसरात होते. पोलादाचं प्रमाणपत्र आणि प्रक्रियेनंतरच्या कठीणपणाचा आकडा मागून घ्या.

लेथवाल्याला तीन गोष्टी लिहून द्या. शाफ्टचा मधला भाग स्प्लाइनच्या खाचांच्या तळापेक्षा जाड ठेवू नये, किंचित बारीकच असावा. यामुळे पीळ पूर्ण लांबीवर वाटली जाते, नाहीतर ती सगळी स्प्लाइनच्या टोकाला गोळा होऊन तिथेच शाफ्ट तुटतो. जिथे व्यास बदलतो तिथे कोपरा नको, मोठी गोलाई हवी. आणि लेथच्या हत्याराच्या आडव्या रेघा राहू नयेत, पॉलिश करून घालवाव्यात, कारण थकव्याची भेग अशा रेघेतूनच सुरू होते. जुन्या शाफ्टला वेल्डिंगने जाड करून देतो म्हणणाऱ्याकडे शाफ्ट देऊ नका. नळ्यांच्या ॲक्सलमध्ये चाक शाफ्टवरच टांगलेलं असतं. शाफ्ट बाहेरच्या बाजूला तुटला तर चाकही जातं.

तारांची चाकं असतील तर हबच्या स्प्लाइन बघा. दाते धारदार, टोकदार झाले असतील तर ते जास्त टॉर्क सोसणार नाहीत. तारांची चाकं दिसायला सुंदर असतात हे मलाही मान्य आहे, पण कारखान्याने व्ही८ ला ती दिली नाहीत, बोल्टची चाकं दिली. मीही तेच सुचवेन.

प्रोपेलर शाफ्ट

गिअरबॉक्स बदलला तर या शाफ्टची लांबी बदलते, म्हणून गिअरबॉक्स जागेवर पक्का झाल्याशिवाय तो कापायला देऊ नका. गाडीचं वजन चाकांवर असताना फ्लँज ते फ्लँज अंतर मोजा. सरकणाऱ्या स्प्लाइनला दोन्ही बाजूंना साधारण २५ मिमी मोकळीक ठेवा.

दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत असायला हवेत. वेल्डरने जरा फिरवून लावले तर कितीही बॅलन्स केलं तरी कंप जात नाही. गिअरबॉक्सचा आणि पिनियनचा कोन सारखा ठेवा, आणि अगदी शून्य ठेवू नका. एक ते तीन अंश कोन असला तर क्रॉसमधल्या सुया फिरत राहतात, नाहीतर त्या एकाच जागी दाबून खाचा पाडतात.

बॅलन्सिंगचं नीट समजून घ्या. गोव्यात बार्ज आणि ट्रॉलरचे शाफ्ट ओढणारे उत्तम लेथवाले आहेत, आणि ट्रकचे शाफ्ट बनवणारेही. पण ते शाफ्ट सावकाश फिरतात. आपल्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्याच वेगाने, ५,५०० फेऱ्यांपर्यंत जातो. ०.८२ चा पाचवा गिअर घातलात आणि इंजिन तितकंच फिरवलंत तर ६,७०० पर्यंत. नळीचा मध्यावरचा वाकडेपणा पाव मिलिमीटरच्या आत आणि डायनॅमिक बॅलन्सिंग मशीनवरच केलेलं हवं. शाफ्ट लांब झाला असेल तर नळीचा व्यास वाढवा, कारण लांबी वाढली की शाफ्ट ज्या वेगाला भोवऱ्यात सापडून वाकतो तो वेग झपाट्याने खाली येतो.

ग्रीस निपल नसलेले अखंड क्रॉस जास्त मजबूत असतात. तरी आपल्या हवेत मी निपलवाले चांगल्या कंपनीचे क्रॉस घेऊन पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस भरणं पसंत करतो. आणि पुढच्या जॉइंटभोवती पोलादी सुरक्षा कडं बसवाच. पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुतून गाडी उचलली जाऊ शकते. या कड्यावर काटकसर करणं मला कळतच नाही.

गिअरबॉक्स

चार सिलिंडरचंच इंजिन सुधारून थोडा जास्त टॉर्क काढायचा असेल तर मूळ गिअरबॉक्स चालतो. बेअरिंग, लेशाफ्ट आणि त्याच्या सुया, थ्रस्ट वॉशर आणि सिंक्रो रिंग नवे घाला. दाते बहुधा आपण होऊन तुटत नाहीत. बेअरिंग झिजून शाफ्ट एकमेकांपासून लांब सरकतात, दाते टोकावर लागतात, मग तुटतात. पाचवा गिअर हवा असेल तर फोर्ड सिएराचा टाइप ९ गिअरबॉक्स एमजीबीत पुष्कळ जण बसवतात, पण तो सुधारलेल्या चार सिलिंडरपुरता. व्ही८ साठी बोर्ग-वॉर्नर टी५ किंवा रोव्हरचे एलटी७७ आणि आर३८० हे विचारात घ्यावेत.

तेल बदलताना सावध. मूळ एमजीबी गिअरबॉक्समध्ये २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच जातं. हायपॉइड डिफला जीएल-५ दर्जाचं तेल लागतं, पण तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका. त्यातली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो रिंगला खाऊ शकतात. मेस्त एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतणार नाही याकडे स्वतः उभं राहून लक्ष द्या.

क्लच

क्लचची क्षमता म्हणजे दोन बाजू × घर्षणांक × प्रेशर प्लेटचा दाब × सरासरी त्रिज्या. आठ इंची प्लेटची सरासरी त्रिज्या ८७ मिमी, दाब ४,००० न्यूटन आणि घर्षणांक ०.३ धरला तर २ × ०.३ × ४,००० × ०.०८७ = सुमारे २१० न्यूटन-मीटर. मूळ इंजिनाला भरपूर, व्ही८ ला अपुरा. रस्त्याच्या गाडीला इंजिनाच्या सव्वापट क्षमता हवी, म्हणजे २६२ साठी सुमारे ३३०. साडेनऊ इंची प्लेट घेऊन त्रिज्या १०० मिमी आणि दाब ५,५०० न्यूटन केला की तेवढी मिळते. दीडपटीच्या पुढे जाऊ नका. घट्ट क्लच घसरत नाही, आणि तो घसरला नाही की प्रत्येक धक्का थेट गिअरबॉक्सला जातो. वरच्या गिअरमध्ये टायर वाचवत नाही हे आपण पाहिलंच, तिथे वाचवणारा क्लचच आहे. त्यामुळे साधं ऑर्गॅनिक लायनिंग आणि मध्ये स्प्रिंग असलेली प्लेट घ्या. सिरॅमिकची प्लेट पणजीच्या गर्दीत तुमचा आणि गाडीचा जीव काढेल.

वेगळं बेलहौसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं क्लचभोवतीचं कवच) जोडताना ते क्रँकशाफ्टच्या केंद्राशी जुळतंय का हे डायल गेज फ्लायव्हीलला लावून तपासा. एकूण फरक ०.१२५ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर ऑफसेट डॉवेल, म्हणजे केंद्र सरकवलेल्या पिना, लावा. हे न केल्यामुळे गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग काही महिन्यांत जातं आणि दोष गिअरबॉक्सला मिळतो. क्लचचं डॉट ४ तेल हवेतली वाफ शोषतं, तेव्हा दर पावसाळ्यानंतर बदला. मूळ कार्बनचं रिलीज बेअरिंग ठेवलं असेल तर सिग्नलला क्लच दाबून थांबू नका, न्यूट्रलला घ्या.

ब्रेकबद्दल एकच वाक्य: व्ही८ ला कारखान्याने पुढे जास्त जाड डिस्क दिल्या होत्या, आणि ब्रेक वाढवल्याशिवाय मोठं इंजिन सुरूही करू नये.

जोडणी आणि पहिले किलोमीटर

क्राऊनचे आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच, धागे स्वच्छ, टॉर्क रेंचनेच आवळलेले. प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर रंगाची रेघ ओढा, म्हणजे नंतर हललेला बोल्ट एका नजरेत दिसतो.

नवा क्राऊन-पिनियन पहिल्या फेरीत खूप तापतो. पंधरा-वीस मिनिटं सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. असं चार-पाच वेळा करा. पहिले आठशे किलोमीटर घाट नको, पूर्ण ॲक्सिलरेटर नको, एकाच वेगाने लांब पल्लाही नको. ताण सोडल्यावर डिफमधून एकसारखा हुंकार यायला लागला किंवा हौसिंगला हात टेकवेना इतकं ते तापलं तर गाडी थांबवा आणि खूण पुन्हा तपासा. तशीच चालवत राहिलात तर सेट गेला.

आठशे किलोमीटरला डिफचं तेल काढा, चुंबकाच्या प्लगवरचा लगदा बोटांत चोळून बघा, नवं तेल भरा. यू-बोल्ट, प्रोपेलर शाफ्टचे फ्लँज बोल्ट, गिअरबॉक्सचं माउंटिंग आणि ॲन्टी-ट्रॅम्प बारचे ब्रॅकेट पुन्हा आवळा. मग सकाळी लवकर, ट्रक सुरू होण्याआधी, केरीहून चोर्ला चढा. तिसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर. वर पोचल्यावर थांबून खाली वाकून बघा: पिनियन सीलला तेल नसेल, रंगाच्या रेघा जागच्या जागी असतील आणि क्लचचा वास येत नसेल, तर पुढच्या चढाला पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायला हरकत नाही.